अबदाराचा पहिला घोट

मी एक जुनी चहाची किटली आहे. चिनी मातीची, पोटाने गोल, तोटीचा जरा टवका उडालेली. झाकण माझं स्वतःचं नाही. ते फुटलं तेव्हापासून डोक्यावर पितळी वाटी आली, आणि ती मला शोभत नाही हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, हिच्या पोटात इतका चहा गेला, हिला चव तरी कळत असेल. नाही. चहा ओता, कॉफी ओता, काढा ओता. मला गरम आणि गार एवढंच कळतं. आतून मी बधिरच. तेव्हा मी सांगते त्यात पक्षपात नाही.

माझा जन्म विलायतेतला, पण त्यातलं काही आठवत नाही. समज आली ती देवासात. त्या एवढ्याशा गावात तेव्हा दोन दरबार होते, एक थोरल्या पातीचा, एक धाकट्या पातीचा. मी कोणत्या दरबारातली ते विचारू नका. त्यावरून अजून माणसं रुसतात.

दरबारात पिण्याच्या जिनसांचं खातंच वेगळं असे. त्याला अबदारखाना म्हणत, आणि आमचे अबदार होते उदाजीराव. पाण्याला उकळी फुटली की पहिलं पाणी माझ्यात फिरवून ओतून द्यायचं, म्हणजे मला ऊब येई. मग पत्ती, मग ताजं उकळतं पाणी, मग ऊब टिकायला वर टिकोझीची जाड टोपी. दूध वेगळं, साखर वेगळी. पण उदाजीरावांचं खरं काम यापुढचं. सरकारांच्या चहातला पहिला घोट त्यांनी घ्यायचा आणि समोर उभं राहायचं. ते पडले नाहीत, म्हणजे चहा चांगला. साऱ्या नोकरीत त्यांची एवढीच परीक्षा झाली, आणि ते दर वेळी पास झाले.

"कसा आहे?" असं विचारलं की ते म्हणत, "चालेल." याचा अर्थ, कुणी मरणार नाही.

पुढे संस्थानं विलीन झाली आणि अबदारखाना बंद पडला. सबंध संच कुलपात गेले. ज्यातलं काही फुटलं होतं ते नोकरांना वाटून टाकलं. माझ्या जोडीचं दुधाचं भांडं आधीच फुटलेलं, म्हणून मी उदाजीरावांच्या घरी आले. त्यांना कोणी कुठे ठेवलं नाही, म्हणून तेही घरी आले.

घरात त्यांची बायको सगुणाबाई आणि मुलगी कुसुमावती. सगुणाबाई चहा पातेल्यात आलं घालून खळखळ उकळीत. उदाजीराव त्यावर काही बोलले नाहीत. पण रीत मात्र त्यांनी सोडली नाही. घरातल्या प्रत्येक कपातला पहिला घोट ते घेत, कप खाली ठेवीत, आणि भिंतीकडे पाहत उभे राहत. बराच वेळ पडले नाहीत, की कप पुढे सरकवीत.

कुसुम हिंदी शाळेत जाई. ती चिडे, "आबा, पूरी चाय थंडी झाली ना!"

"होऊ दे. जिवाला धोका नाही."

एवढं करून स्वतःचा कप ते तसाच ठेवीत. जेवणातही लक्ष नाही. अंगरखा खांद्यावरून सैल पडू लागला. दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या टेकडीकडे बघत, आणि टेकडीचंही त्यांना काही वाटत नसावं. माणूस असा आतून निवत गेला तर किती दिवस राहील, याचा घोर सगुणाबाईंना लागला. त्यांना फार काही नको होतं. नवऱ्याने एकदा तरी म्हणावं, बरं झालंय, नाहीतर वाईट झालंय.

मग सुरू झाले प्रयोग. एक दिवस गवती चहा, एक दिवस पुदिना. एकदा बिनदुधाचा काळा चहा, वर लिंबू. एकदा दुधात जायफळ-वेलदोडा घालून कॉफी, फडक्यातून गाळलेली. मग नवऱ्याकडून ऐकलेली दरबारी पद्धत आठवून त्यांनी टिकोझी शिवली, तीही उदाजीरावांच्या जुन्या दरबारी बंडीची, आत कापूस भरून. बंडीची बटणं माझ्या पोटावर आली. उदाजीरावांनी ती पाहिली, घोट घेतला, उभे राहिले.

"कसा झालाय?"

"चालेल."

शेवटी शेजारचे तात्या मदतीला आले. ते पोस्टात होते. त्यांनी हापिसातल्या मद्रासी साहेबांकडून पितळेचं दुमजली भांडं मागून आणलं. वरच्या मजल्यात कॉफीची भुकटी नि उकळतं पाणी, खालच्या मजल्यात थेंब थेंब काळा अर्क. पितळी भांडं गळत होतं आणि तात्या त्याच्याकडे जावयाकडे बघावं तसे कौतुकाने बघत होते. दूध घालून ती कॉफी माझ्यात ओतली. मग कपात.

उदाजीरावांनी तात्यांच्या कपातला घोट घेतला, कप ठेवला आणि उभे राहिले.

"अहो, मी आणलेली कॉफी आहे ही!" तात्या भडकले. "मी काय विष घालीन?"

"रीत आहे, तात्या."

"मग तुमचा कप कोण चाखतं?"

उदाजीराव भिंतीकडे पाहतच म्हणाले, "माझा कप कुठे होता दरबारात? माझा फक्त घोट होता."

तात्या गार कॉफी मुकाट्याने प्यायले. सगुणाबाईंनी दुमजली भांडं धुऊन परत दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीचाच आल्याचा चहा केला, माझ्यात ओतला, टिकोझी घातली. मग नवऱ्याचा कप भरला, आणि त्यातला पहिला घोट स्वतः घेतला. त्या घरात हे कधी घडलं नव्हतं. मग कप खाली ठेवून, पदर खोचून, भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"आई, हे काय करतेस?" कुसुम म्हणाली.

"दिसत नाही? उभी आहे."

उदाजीराव बघत राहिले. बऱ्याच वेळाने सगुणाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"घ्या. पडले नाही मी."

त्यांनी कप तोंडाला लावला. एक घोट, मग दुसरा. मग तळापर्यंत. कप ठेवला आणि कपाळाला आठी घातली.

"आलं फार झालंय."

"फार कुठे? रोजच्याएवढंच आहे."

"रोजच फार असतं."

"अगबाई! मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"चालत होतं," उदाजीराव म्हणाले, आणि त्यांनी कप पुन्हा पुढे केला. "थोडा द्या. उद्यापासून दूध वेगळं."

सगुणाबाई आल्यावरून भांडत भांडत माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे पुसायचे राहिले होते.

तर मित्रांनो, मला राखेने घासू नका, नक्षी जाते. आणि तुमच्या घरात सगळ्यांचं आधी बघणारं जे कोणी असेल, त्याच्या कपाकडे एकदा कोणीतरी बघा. चहा गार झाला तरी हरकत नाही. मला चव कळत नाही हे मी आधीच सांगितलं आहे. पण त्या सकाळी मी नेहमीपेक्षा बराच वेळ गरम राहिले. टिकोझीमुळे असेल.