चिकटवलेला पाहुणा

मी एक जुनी लाकडी प्रतिकृती आहे. मिरजेतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कपाटावर पडून असते. माझा देह म्हणजे डीएनएची पिळदार शिडी. तिच्या रुंद खाचेत बसलेला भोपळ्याच्या कवचाचा तुकडा म्हणजे एक प्रथिन. हे प्रथिन आपली ठरलेली जागा शोधून बसले की तिथले जनुक बंद होते. ते उठले की जनुक कामाला लागते. मित्रांनो, हे बसणे-उठणे हाच माझा जीव होता. आता माझ्यातले काहीच उठत नाही, आणि मी थकले आहे.

माझा जन्म तहरीम या विद्यार्थिनीसाठी झाला. तिची दृष्टी लहानपणापासून अधू. बाकीचे विद्यार्थी अशा प्रथिनांची रचना संगणकावर उभी करत आणि फिरवून न्याहाळत. तिला पडद्यावर नुसते रंगीत धुके दिसे. “रचना हाताला तरी कळली पाहिजे, तहरीम. नाहीतर विषय बदलावा लागेल,” असे तिच्या मार्गदर्शक समीक्षा मॅडमनी तिला जड मनाने सांगितले होते.

तहरीमचे आजोबा कुतुबुद्दीन तंबोरे घडवत. मॅडमनी संगणकावरची मापे मोठी करून त्यांच्या हाती दिली. तंबोऱ्याचे उरलेले लाकूड आणि भोपळा यांतून त्यांनी मला आकार दिला. भुसा झटकून मला मॅडमपुढे ठेवताना त्यांचा चेहरा समाधानाने भरला होता.

“सांधा असा बसवलाय मॅडम, आमच्या तहरीमची नातवंडं आली तरी हलायचा न्हाई.”

तहरीमने माझ्यावरून बोटे फिरवली. तुकडा उचलून पाहिला, पुन्हा पाहिला.

“दादा, ह्ये उठत न्हाई की.”

“उठंल कसं? सरस लावलाय. सुटा तुकडा ऱ्हायला की वाद्य खडखडतंय.”

“पर ह्ये वाद्य न्हाई, दादा. ह्यानं बसायचं बी आन् उठायचं बी. उठलंच न्हाई तर जनुक जल्मभर बंद.”

म्हातारा तुकड्यावर वाकला. मग मिशीत हसला. “असं व्हय. मी घरजावई करून ठेवला, आन् ह्यो निघाला पाव्हणा.”

त्यांनी गरम पाण्याचे फडके ठेवून सरसाची चिकट पकड सोडवली. मग तुकडा थोडा घासायचा, नातीच्या हाती द्यायचा, तिने मान हलवली की पुन्हा घासायचा, असे कितीतरी वेळ चालले. शेवटी तो आपल्या जागी हलकेच अडकू लागला आणि बोटाच्या इशाऱ्यावर सुटू लागला. दुसऱ्या खाचेत मात्र तो डुगडुगे.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तहरीमला विचारले, “हे प्रथिन इथेच बसते कशावरून?” तिने तो तुकडा शिडीभर फिरवला आणि जागेवर येताच थांबली. “बाकी ठिकाणी हाताला लागतं सर, की हे त्याचं घर नाही.” तिचा विषय तिच्याकडेच राहिला. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले.

पुढे ती संशोधनासाठी दूर गेली. कुतुबुद्दीन गेले. प्रयोगशाळेत मोठा पडदा आला आणि मी कपाटावर गेले. माझा तुकडा वरचेवर खाली पडे. साफसफाई करणारे अर्जुनामामा वाकून तो टेबलाखालून शोधून आणत. गुडघे दुखत, तरी आणत. एकदा त्यांनी खिशातून डिंकाची नळी काढली आणि तुकडा पक्का चिकटवला.

“बस गड्या आता. हरवायची भीती न्हाई,” ते मायेने म्हणाले. त्यांच्यावर मी रागावू कशी? पण हा डिंक गरम पाण्याला दाद देणारा नाही.

परवा वीज गेली. पडदा काळा झाला, म्हणून राणी नावाच्या विद्यार्थिनीने मला खाली काढले. तिने तुकडा ओढला. तो हलला नाही.

“हे प्रथिन कायमचं चिकटलेलं असतंय वाटतं,” ती मैत्रिणीला म्हणाली आणि मला परत वर ठेवून दिले.

जी गोष्ट सांगायला मी जन्मले, तिच्या नेमके उलटे मी त्या मुलीला शिकवले. मित्रांनो, एवढा थकवा मला धुळीनेही कधी आला नव्हता. म्हणून एकच विनवणी करते. कुणीतरी बारीक पाते घेऊन या आणि माझा पाहुणा मोकळा करा. तो पुन्हा पडेल, पुन्हा हरवेल. तेव्हा अर्जुनामामांना बसू द्या, आणि टेबलाखाली तुम्ही वाका.