सदतीस ठिपके आणि एक पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पट्टी आहे. तुमच्या कंपासपेटीतली नव्हे हं! माझ्यावर आकडेच नाहीत. मोडक्या कपाटाच्या फळीतून मला कापणारा सुतारही म्हणाला होता, "ही मोजणार काय, कपाळ?" पण मला मोजायचे नव्हतेच. मला ओळी सांभाळायच्या होत्या.

माझी मालकीण म्हणजे ताई. चारशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रज वैद्याने उदासीवर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. माणूस उदास का होतो, कशाने बरा होतो, याचे सातशे पानी चऱ्हाट! त्याची बिनचूक प्रत सिद्ध करण्यात ताईची बावीस वर्षे गेली. सोबतीला तिचा धाकटा भाऊ होता. त्याची हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली.

ताई जुन्या प्रतीतली ओळ मोठ्याने वाचायची. भाऊ टंकलेल्या पानावर त्याच ओळीखाली मला धरायचा, अक्षर अन् अक्षर ताडून बघायचा, समासात पेन्सिलीचा ठिपका द्यायचा आणि मला खाली सरकवायचा. जुन्या पानावर अडतीस ओळी, म्हणून ठिपकेही अडतीस. ते मोजून तो खाली 'जुळले' असे लिहायचा. "या पट्टीला माझ्याहून जास्त ग्रंथ कळतो," असे ताई म्हणाली की मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे.

मग भाऊची बायको गेली. घर खायला उठले आणि भाऊ बोलेनासा झाला. ताईने त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. महिन्याभराने ती त्याला घेऊन आली, तिने त्याला नेहमीच्या खुर्चीत बसवले आणि मला त्याच्या हातात दिले. "वाचूया?" एवढेच ती म्हणाली.

त्याच दुपारी घात झाला. ताईने एक ओळ वाचली, तेव्हा भाऊ खिडकीबाहेर बघत होता. टंकताना नेमकी तीच ओळ सुटली होती, आणि ते त्याला कळलेच नाही. पुढच्या ओळीला तो भानावर आला. पान संपल्यावर ठिपके न मोजताच त्याने 'जुळले' लिहिले. मला सगळे दिसत होते, पण लाकडाला वाचा कुठली? तीन वर्षे ती ओळ माझ्या जिवाला लागून राहिली.

ग्रंथ छापायला जायला आठवडा उरला, तेव्हा ताई म्हणाली, "तू पुन्हा कामाला बसलास ना, तेव्हाची पहिली पानं परत वाचू."

भाऊ फुरंगटला. "माझ्या कामावर भरवसा नाही तुझा?"

"तुझ्यावर आहे रे. त्या दिवसांवर नाही."

तो बसला, पण गाल फुगवूनच. पाचव्या पानावर त्याचा हात एकदम थांबला. "थांब ताई. ही ओळ इथं नाहीये." त्याने ठिपके मोजले. सदतीस! पुन्हा मोजले, तरी सदतीसच. "बावीस वर्षांची तुझी मेहनत, आणि मी माती केली असती," तो म्हणाला.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली आणि मराठीत सांगितली, "उदास माणसाला शहाणपण शिकवू नये. त्याच्या हाती काम द्यावे आणि शेजारी बसावे."

भाऊ डोळे पुसत म्हणाला, "हे इतकं आधी लिहून ठेवलेलं, मग तेव्हा मला कुणी सांगितलं का नाही?"

"वाचून दाखवलं होतं की! तूच खिडकीबाहेर बघत होतास."

दोघेही खो खो हसले. भाऊने ती ओळ स्वतःच्या अक्षरात समासात लिहिली आणि अडतिसावा ठिपका दिला.

आता मी छापील ग्रंथाशेजारी फळीवर असते. माझी कड झिजली आहे, पण अजून सरळ आहे. मित्रांनो, पट्ट्यांनी तलवारबाजी करू नका, एवढे तर मागतेच. आणि तुमच्या शेजारी कुणी खिडकीबाहेर बघत राहिले, तर त्याच्यावर खेकसू नका. तो परत येईपर्यंत त्याची ओळ धरून ठेवा. मला त्या दुपारी ते जमले नाही. ताईला जमले.