काचपट्टीवर दिसलेलं दौलतरावांचं दुखणं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. इंदूरला तुकोगंजातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं काम केलं. आमचे डॉक्टर आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. पुढे नवा सूक्ष्मदर्शक आला आणि मी कपाटावर, कापडाखाली गेलो.

यंदा पावसाळ्यात नवा दुरुस्तीला गेला, म्हणून लॅबच्या विनीताताईंनी मला खाली उतरवून भिंगं पुसली. त्याच सकाळी जुनी इंदूर मोहल्ल्यातून भानुमतीबाई यजमानांच्या शौचाचा नमुना घेऊन आल्या. दौलतरावांना तीन दिवस ताप होता, पोटात मुरडा होता. बाई त्यांना मेडिकलवरून आणलेल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या देत होत्या. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन नको ते खाल्लं असणार, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यावरून घरात अबोलाही झाला होता.

काचपट्टी माझ्याखाली आली आणि मला गलबलून आलं. तांबड्या रक्तपेशी, पुवाच्या पेशींचे पुंजके, आणि त्यांत आतड्याच्या अस्तरातून गळून पडलेल्या पेशी. जंतू कोणता, ते मला सांगता येत नाही; त्याला दोन-तीन दिवसांची वेगळी तपासणी लागते. घाव मात्र स्पष्ट दिसत होता.

विनीताताईंनी बाईंना भिंगातून दाखवलं. काही जंतू आतड्याच्या पेशीत शिरतात, तिथेच वाढतात, मग शेजारच्या पेशीत घुसतात. पेशी मरतात, अस्तराला जखमा होऊन रक्त येतं, असं समजावलं. मग त्या म्हणाल्या, "काकीजी, ती गोळी बंद करा. घरात चोर असताना बाहेरून कडी लावल्यासारखं होतं ते. काकांना आत्ताच डॉक्टरांकडे न्या."

भानुमतीबाई बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"मी फालतूच त्यांना बोलत राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "वाटलं, नाटक करताहेत. आतून इतकं सोललंय, मला काय मालूम."

दुपारीच दौलतराव दवाखान्यात दाखल झाले. सलाईन लागलं, तपासणीत जंतू सापडला, योग्य औषध मिळालं आणि पाचव्या दिवशी ते आपल्या पायांनी घरी गेले. आतड्याचं अस्तर मोठं सोशिक. दर चार-पाच दिवसांनी ते नव्या पेशी आणतं.

तीन आठवड्यांनी दुसरा नमुना आला. बाईंनी हट्टाने पुन्हा डोळा लावला. "आज तर तसलं काहीच नाही दिसत," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मित्रांनो, साबणाने हात धुतल्याशिवाय जेवू नका. आणि घरात कुणी पोट धरून बसलं, तर रागावण्याआधी जवळ बसून विचारा. प्रत्येक घरात भिंग नसतं.