एकीपुरता भात

मी एक पातेली. दीड लिटरची, ॲल्युमिनियमची, एका कानाची. दुसरा कान कुठे गेला ते विचारू नका. कारखान्यातून निघाले तेव्हा दोन होते, एवढं नक्की आठवतं.

मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मला आणलं तेव्हा वाटलं होतं, आता आपल्यात काहीतरी शिजेल. पण तिथे जेवायच्या दोनशे मुली. शेजारच्या टोपात मला बुडवलं असतं तर मी सापडलेही नसते. त्या अगडबंब भांड्यांपुढे माझ्यासारखीला कोण विचारतो? मला तांदळाच्या कोठीत टाकलं, मापाला. एक पातेली तांदूळ म्हणजे दहा मुली. वीस पातेल्या मोजल्या की एका वेळचं भागलं. बारा वर्षं मी नुसते तांदूळ मोजले, विस्तव कसा असतो ते पाहिलं नाही. भांड्याच्या जन्माला येऊन असं जगणं मला फार लागायचं.

मोजणारा हात मावशीचा. मुली तिला मावशी म्हणायच्या, रेक्टरबाईही मावशीच म्हणायच्या. दोनशे माणसांच्या आमटीत ती मीठ मुठीने टाकायची आणि ते कधी चुकलं नाही. कुठली मुलगी ताटात अन्न नुसतं चिवडतेय, हे ती पाठ वळवूनही ओळखायची. स्वतः मात्र दुपारी तीनला, उभ्या उभ्या, टोपाच्या बुडाशी राहिलं असेल ते खायची. कधी दोन डाव भात, कधी नुसती खरवड.

भांडी घासायच्या जागी एक खिडकी होती. त्या खिडकीतून डोंगर दिसायचा. सुट्टी लागली की मुली तिकडे पायी जायच्या आणि मावशी त्यांचे डबे भरून द्यायची. बावीस वर्षं तिने त्या डोंगराचं तोंड पाहिलं होतं. एक दिवस ती माझ्यातले तांदूळ टोपात ओतता ओतता म्हणाली, "याची पाठ कशी असेल, बघायला हवी."

बोलून गेली आणि अडकली. मेसभर बातमी झाली. चार दिवस, तीन मुक्काम, एकटीने, सगळं ओझं स्वतःच्या पाठीवर घेऊन खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या गावात उतरून बसने परत यायचं. लेकीने लांबच्या शहरातून फोन केला. "आई, गुडघ्यांना विचारलंस का? आणि एकटी जाऊन डबे कुणाचे भरणार तू?"

"बघते गं. जमलं तर जमलं," मावशी म्हणाली. पण मी तिच्या हातात होते. तो हात घट्ट होता.

मुलींनी पाठपिशवी दिली, एकीने तंबू दिला, एकीने छोटी गॅसची शेगडी. भांडं मात्र तिने स्वतः निवडलं. मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी होते. माझ्याच मापाने तिने एक पातेली तांदूळ भरून घेतले. दहा मुलींचं एका वेळचं म्हणजे एकीला चार दिवस पुरून उरेल, असा साधा हिशोब.

पहिल्या संध्याकाळी तंबू कसाबसा उभा राहिला. मावशीने शेगडी पेटवली, पिशवीत हात घातला आणि सवयीप्रमाणे मला काठोकाठ तांदळाने भरलं. मग ओतायला टोप शोधू लागली. टोप कुठला? मीच मोजायची, मीच शिजवायची. ती स्वतःशीच हसली, अर्धे तांदूळ परत पिशवीत टाकले आणि उरलेल्यात पाणी घातलं. अर्धे म्हणजे तिला चिमूटभर वाटले. थोड्या वेळाने भाताने माझं झाकण उचललं आणि शेगडी पांढरी झाली. आयुष्यातला माझा पहिला स्वयंपाक असा उतू गेला.

शेजारी दोन भाऊ उतरले होते. कापडाचे दुकानदार, पाकिटातलं सूप पीत बसलेले. मावशीला ते बघवेना. तिने हाक मारली, दोघांना वाढलं, पुन्हा वाढलं, आणि स्वतः शेवटी माझ्या कडेला लागलेलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मावशी चांगली चालली. चढावर थांबायची, कंबरेवर हात ठेवून धापा टाकायची आणि खाली बघून म्हणायची, "अगं बाई, एवढं चढले मी?" मला तिचं फार कौतुक वाटलं. पण संध्याकाळी वरच्या निवाऱ्यावर पोचलो तर तेच दोघे भाऊ तिथे, शिवाय निवाऱ्याचा म्हातारा राखणदार. मावशीने चौघांचा भात टाकला. डाळही सगळी टाकली, कांदेही. जित्याची खोड, दुसरं काय.

तिसऱ्या सकाळी तिने पिशवी उलटी केली. तीन मुठी तांदूळ आणि एक बटाटा. खिंड अजून वर होती आणि गाव उद्या दुपारी.

थोरल्या भावाच्या टाचेला फोड आले होते. ते दोघे जवळच्या वाटेने परत उतरणार होते. "मावशी, चला आमच्याबरोबर," तो म्हणाला. "दुपारी घरी. उपाशी कशाला मरता?"

मावशी दगडावर बसून राहिली. राखणदाराने तिला चहा दिला. "माझं सामान परवा येणार. चहासाखरेपलीकडे द्यायला काही नाही," तो म्हणाला. मग तीन मुठींकडे बघून त्याने विचारलं, "तुम्हाला एका वेळी लागतं किती?"

"मला?"

"तुम्हालाच. बाकीच्यांचं नाही विचारत."

दोनशेंची भूक जिला तोंडपाठ, तिला हे सांगता येईना. "काय माहीत," ती शेवटी म्हणाली. "कधी बघितलंच नाही."

"मग आधी बघा. वर की खाली ते नंतर ठरवा."

तिने दीड मूठ तांदूळ घेतले, अर्धा बटाटा चिरला आणि मला शेगडीवर ठेवलं. शिजलं तसं खाली बसून, गरम गरम, सावकाश खाऊ लागली. दोन घास राहिले तेव्हा ती थांबली. "भरलं की पोट," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदे तर कालच संपले होते. मग ते दोन घासही खाऊन तिने मला घासलं, पिशवी पाठीला लावली, भावांना हात केला आणि खिंडीच्या वाटेला लागली.

खिंडीतून डोंगराची पाठ दिसली. खाली तळं, तळ्याकाठी गाव, गावाकडे जाणारी बारीक वाट. मावशीने पिशवी उतरवून ती सगळी पाठ डोळे भरून पाहून घेतली.

त्या संध्याकाळी पलीकडच्या उतारावर तिने शेवटची दीड मूठ टाकली. तेवढ्यात खालून एक मुलगी वर आली, एकटीच, मेसमधल्या मुलींच्याच वयाची. पिशवी टाकून म्हणाली, "मावशी, वासानेच भूक लागली हो."

झालं, मला वाटलं. मावशीचा हात झाकणाकडे गेला आणि तिथेच थांबला. बावीस वर्षांत जे वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं ते तिने अगदी हळू म्हटलं. "बाळ, एकीपुरताच आहे गं."

मुलीला त्याचं काहीच वाटलं नाही. "मग जेवा ना तुम्ही. माझ्याकडे पाव आहे," म्हणत ती शेजारी बसली. दोघी आपापलं जेवल्या आणि खूप गप्पा झाल्या. दुसऱ्या दुपारी मावशी गावात उतरली, भुकेलेली आणि धुळीने माखलेली, आणि सगळ्यांत आधी तिने लेकीला फोन लावला.

आता मी कोठीत नसते. मापाला नवा डबा आणलाय. रोज बारा वाजता मी लहान शेगडीवर चढते. मुलींची घंटा साडेबाराला होते. मधल्या वेळात मावशी स्टुलावर बसून जेवते. पहिल्या आठवड्यात रेक्टरबाई दारात येऊन म्हणाल्या, "मावशी, अहो मुली यायच्या झाल्या." मावशी घास गिळून म्हणाली, "येऊ देत. माझं होतच आलंय."

माझं बूड काळं पडलंय, उरलेला कानही हलायला लागलाय. त्याचं मला दुःख नाही. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांत शेवटी जेवतं, त्याला एकदा विचारा, तुला किती लागतं म्हणून. उत्तर लगेच येणार नाही. तोवर तिथेच बसून राहा.