शिवकन्येच्या उजव्या पायाचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, तोही एकाच पायाचा, उजव्या. माझा जोडीदार डावा बूट याच खुंटीला लटकला आहे, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ते मला नीट जमेल का, याची शंकाच आहे. तरी सांगतो.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो सहकारी साखर कारखान्याचा वर्धापनदिन. उसाच्या बैलगाड्या उभ्या राहतात त्या तळावर परिसरातल्या मुलांची शर्यत होती. बारा-तेरा पोरे आणि एकच पोरगी. पोरगी अनवाणी होती. ती सगळ्यांच्या पुढे गेली आणि पुढेच राहिली. बक्षीस म्हणून तिला आम्ही दोघे मिळालो. मुलगाच जिंकणार असे धरून आम्हाला आणलेले होते, त्यामुळे आम्ही तिला एका मापाने मोठे होतो. अनवाणी धावून जिंकली म्हणून बूट मिळाले, यावर तेव्हा कोणी हसले नाही. मीही नाही.

तिचे नाव शिवकन्या. तिचे आईबाप, बन्सी आणि छबुबाई, दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. शिवकन्या उसाच्या फडातच रांगली. तोडलेल्या उसाच्या खुंटांवरून ती अनवाणी पळे, तेव्हा बाकीच्या बाया डोळे मिटून घेत, असे छबुबाई सांगायची.

माझ्या पुढच्या टोकात तिने चिंध्या भरल्या आणि आम्ही धावू लागलो. चार वर्षे. ती मला जुन्या ब्रशने घासून उन्हात ठेवी. शेजारच्या मुली मला हातात घेऊन पाहत. तेवढे कौतुक मला आयुष्यभर पुरेल असे वाटले होते.

बारावीनंतर शिवकन्येने पोलीस भरतीचा ध्यास घेतला. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत धावायचे होते. बन्सी मोजके बोलणारा माणूस. त्याने एवढेच सांगितले, की यंदा लागली तर लागली, नाहीतर दिवाळीच्या आत लग्न. आमच्याकडे ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. लग्न म्हणजे कोयता, हे घरात कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

ते सलग तिसरे कोरडे वर्ष होते. ऊस नव्हता, म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. गुरे चारा छावणीला गेली होती. माणसांना टँकरचे पाणी, तिथे बुटाला कोण धुणार? माझा रंग मातीचा झाला. त्याच दिवसांत शिवकन्येचा गुडघा दुखू लागला. धावून आली की ती उंबऱ्यावर बसून गुडघा दाबत राही. मी पायातच असे. मला वाटे, हे माझ्यामुळे तर नसेल?

ते खरेच निघाले. गावच्या वाचनालयात राधाकिशन गुरुजी बसत. निवृत्त शिक्षक, भिडस्त माणूस. आयुष्यात त्यांनी कधी एसटीसुद्धा पळत जाऊन पकडली नव्हती. शिवकन्येचा गुडघा पाहून त्यांनी कपाटातून धावण्यावरचे एक जाड पुस्तक काढले, दोनदा वाचले आणि मग तिला बोलावले.

"मी वाचलंय तेवढंच सांगतो," ते म्हणाले. "करून बघितलेलं काही नाही. चुकत असेल तर सोडून दे."

पुस्तकात लिहिले होते, की जाड टाचेच्या बुटात माणूस टाचेवर आदळतो आणि तो दणका गुडघ्यात जातो. अनवाणी धावले की पाय आपोआप चवड्यावर उतरतो, टांग आखूड पडते, गुडघा वाचतो. मात्र सुरुवात गवतावर करावी, रोज पाचदहा मिनिटे, आणि पायाला सवय व्हायला काही महिने द्यावेत.

छबुबाईने हे ऐकले आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "आमी जल्म काढला अनवाणी, अन् आता पुस्तकातून शिकावं व्हय? पुस्तक लिवणाऱ्याला एकदा फडात आणा, गुरुजी."

गुरुजीही हसले. खरेच, शिवकन्येच्या तळव्यात बाभळीचा काटा सहज शिरत नव्हता. ते महिने शहरातल्या मऊ पायांसाठी असतील, असे सगळ्यांनी धरून चालले.

मित्रांनो, फक्त मला माहीत होते. वरची कातडी टणक होती, पण आत? चार वर्षे तिच्या पायाचे निम्मे काम मी केले होते. पायाची कमान माझ्यावर रेलून बसली होती. आतली बारीक हाडे दणका सोसायचे विसरली होती.

गवतासाठी गुरुजी आणि शिवकन्या सारा शिवार फिरले. गवत एकाच ठिकाणी होते, कारखान्याच्या विश्रामगृहापुढे. तिथल्या हिरवळीला दिवसाआड टँकर लागे. गुरुजींनी दहा मिनिटांसाठी रखवालदार धुळाजीला हात जोडले. धुळाजी वाईट माणूस नव्हता. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, माझ्या म्हशीला काडी न्हाई अन् मी ह्या गवताची राखण करतो. म्हशीला शिरू देत न्हाई, तर पोरीला कसं देऊ?"

दोघे परत आले. राहिला पाझर तलाव. त्याचा तळ तडे जाऊन विटेसारखा भाजला होता. शिवकन्येने मला पायातून काढले, आमच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि आम्हाला काठावरच्या बाभळीला टांगले. तिथून, त्या शर्यतीनंतर पहिल्यांदाच, मी तिला धावताना पाहिले. मधली चार वर्षे मला फक्त जमीन दिसायची.

ती सुंदर धावत होती. माझ्यासोबत धप् धप् वाजणारे पाऊल आता ऐकूच येत नव्हते. आठवड्याभरात गुडघा दुखायचा थांबला. तलावाच्या भरावावर बसलेले गुरुजी घड्याळ पाहत आणि वहीत लिहीत, आणि त्यांचा चेहरा उजळे. आणि मी, सांगायला लाज वाटते, फांदीवर जळत होतो. चार वर्षे मी तिला दुखावतच होतो का? मग ते घासणे, ते उन्हात ठेवणे कशासाठी होते?

अशात भरतीची तारीख आली. पंचवीस दिवस उरले होते. शिवकन्येने धावणे दुप्पट केले. गुरुजी एकदा म्हणाले, "पुस्तकात सावकाश म्हटलंय, बाई." ती म्हणाली, "गुरुजी, पुस्तकाचं लगीन ठरलंय का?" गुरुजींनी घड्याळ पुन्हा हातात घेतले. आपण कधी धावलेलो नाही, मग कोणत्या तोंडाने अडवावे, असे त्यांना वाटले असावे.

तोवर ती आम्हाला खांद्यावर टाकून अनवाणीच ये-जा करी. तिसऱ्या आठवड्यात ती धावून आली आणि घरी जाण्यासाठी तिने मला पायात घातले. पाय गरम होता. चवड्याच्या मागे, दुसऱ्या बोटाच्या रेषेत सूज होती. तिने माझी नाडी सैल केली. गुरुजींनी विचारले, कावून लंगडतेस? ती म्हणाली, "काई न्हाई, मुंग्या आल्यात."

मुंग्या नव्हत्या. हाड तडकत होते आणि ते मला कळत होते.

मित्रांनो, बुटाला एकच भाषा येते, चावण्याची. मी त्या सुजेवर कडक बसलो असतो, तर ती ओरडली असती, गुरुजींनी पाय पाहिला असता, कोणीतरी दवाखान्यात नेले असते. पण इतक्या दिवसांनी तिचा पाय माझ्यात आला होता. मी चावलो तर ती मला कायमची टाकून देईल, असे वाटले. आणि दुसरेही वाटले, की हे माझे जळणेच तर बोलत नसेल ना? ती अनवाणी छान धावते हे मला सोसत नाही, म्हणून मला तिथे दुखणे दिसत असेल. मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. जमेल तितका मऊ झालो. तिला बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धावली.

भरतीच्या दिवशी मी बीडला मैदानाच्या तारेबाहेर, छबुबाईच्या पिशवीत होतो. पिशवीच्या तोंडातून दिसत होते. पहिली फेरी शिवकन्या पुढे होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा उजवा पाय पडला आणि पुन्हा नीट पडलाच नाही. बाकीच्या मुली तिला ओलांडून गेल्या. ती थांबली नाही. एका पायावर उड्या मारत, मग चालत, मग जवळजवळ बसत तिने रेघ गाठली. तोवर घड्याळवाला पुढची तुकडी उभी करत होता.

छबुबाईने तारेत बोटे अडकवली होती. ती एवढेच म्हणाली, "माय, बस की आता खाली."

पायाच्या लांब हाडाला आधी चीर गेली होती, ते त्या दिवशी तुटले. दीड महिना प्लास्टर होते. राधाकिशन गुरुजी एकदा दाराशी आले. छबुबाईने टँकरच्या पाण्यातला तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मी वाचून सांगायला नको होतं," ते म्हणाले.

"तुमी बरोबरच वाचलं होतं, गुरुजी," शिवकन्या म्हणाली. "महिने माझ्यापाशी नव्हते."

गुरुजी दारातूनच परत फिरले. त्यानंतर ते भरावावर कधी दिसले नाहीत.

प्लास्टर निघाल्यावर तिने मला घालून पाहिले. हाड जाड आणि वाकडे जुळले होते. मी जिवाच्या आकांताने सैल झालो, तरी पाय शिरला नाही. दिवाळीच्या आधी लग्न झाले. दिवाळीनंतर दूरच्या फडावर नेणारा ट्रक आला, तेव्हा ती प्लास्टिकच्या चपला घालून, नवऱ्यामागून, त्याचा हात धरून वर चढली. आम्ही आत खुंटीला राहिलो आणि घराला कुलूप लागले.

मित्रांनो, शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. एवढीच विनंती आहे. पाय दुखला तर मुंग्या आल्या म्हणू नका. आणि दुसऱ्याचे दुखणे तुम्हाला कळले, तर आपले मन स्वच्छ आहे की नाही हे तपासत बसू नका. आधी बोला. आवडेनासे झालात तरी चालेल. मन नंतर तपासता येते.

माझ्या आत, तळाशी, तिच्या पायाचा ठसा आहे. अंगठा, चार बोटे, चवडा, टाच, सगळे सरळ. आता तसा पाय कुठेच नाही. मी तो अंधारात धरून बसलो आहे.