सत्तावीस नंबरचा बिल्ला

गुरुवारी दुपारी तीन वाजून अठरा मिनिटांनी निघोज्यात गारा पडायला सुरुवात झाली. जानेवारीचा तिसरा आठवडा होता. खंडू येळवंडे यांच्या गोदामाच्या पत्र्यावर पहिली गार आदळली तेव्हा आत चार माणसं होती. चौघांनाही वाटलं, बाहेरून कोणी दगड मारला.

गुरुवारी चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून हे चौघे महिन्यातून एका गुरुवारी जमत. प्रत्येकाला काही ना काही जमवायचा नाद. खंडू गावचेच, वय साठ. त्यांच्याकडे चारशे जुनी कुलुपं होती. पिंपळे सौदागरहून येणारी योगिनी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती आणि काडेपेटीवरची चित्रं जमवायची. सांगवीचे यशवंतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. बसची जुनी तिकिटं गोळा करत आणि गुडघ्यांमुळे सगळा वेळ खुर्चीत बसून असत. चौथा धम्मरत्न ओव्हाळ. तो एकाच कंपनीचे गेटवरचे पितळी बिल्ले जमवायचा, दुसरं काही नाही.

ती चिंचवडची लोखंड ठोकायची कंपनी बावीस वर्षांपूर्वी बंद पडली. तिथे तीनशे कामगार होते आणि प्रत्येकाचा नंबर कोरलेला एक बिल्ला. गेटवर मोठा लाकडी बोर्ड असे, डाव्या अर्ध्यावर ‘आत’, उजव्या अर्ध्यावर ‘बाहेर’. कामावर आलेला कामगार आपला बिल्ला ‘बाहेर’च्या खिळ्यावरून काढून ‘आत’ लावी, आणि सुटल्यावर परत ‘बाहेर’. बोर्ड पाहून टाइमकीपर रजिस्टर भरत असे. आत किती माणसं उरली हे त्या खिळ्यांवरूनच कळायचं.

धम्मरत्नकडे अकरा वर्षांत दोनशे अठ्ठ्याण्णव बिल्ले झाले होते. निम्म्याहून जास्त एका भंगारवाल्याच्या पोत्यात मिळाले, बाकीचे त्याने जुन्या कामगारांच्या घरी जाऊन मागून आणले. १६४ नंबरवाल्याने आपला बिल्ला लातूरला कालवडीच्या गळ्यात बांधला होता आणि कालवड विकली गेली. आता राहिला होता २७.

त्या महिन्यात खंडूंनी भंगारातून तो बोर्डच मिळवला. एवढं मोठं धूड उचलून दोन पिंपांवर उभं करून भिंतीला टेकवलं होतं, त्यामुळे वरची ओळ स्टुलाशिवाय हाताला येत नव्हती. एक ते तीस नंबर त्याच ओळीत होते.

“आयला, बर्फच पडतोय राव,” खंडू दारातून ओरडले. पत्र्याच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. “निघोज्याचं सिमला झालं!”

“काका, आत या, टाळकं फुटेल,” योगिनी म्हणाली.

“फुटू दे. आतमदी हाय काय?”

“ते आम्हाला दोन वर्षांपूर्वीच कळलं.”

साडेतीनला वीज गेली. अंगण पांढरं झालं होतं आणि गाड्या बाहेर काढणं शक्य नव्हतं. वेळ घालवायला धम्मरत्नने पिशवी उघडली. बोर्ड आहे, बिल्ले आहेत, तर लावून बघू. मोबाइलच्या उजेडात यशवंतराव खुर्चीतूनच नंबर सांगत गेले, योगिनी क्रमाने ओवलेल्या माळेतून बिल्ला काढून देत गेली आणि धम्मरत्न स्टुलावर चढून-उतरून खिळ्यावर अडकवत गेला. सगळे ‘बाहेर’च्या बाजूला. कामावर कोणी नव्हतं.

“एकतीस... बत्तीस... तेहतीस, चला, पुढे चला,” यशवंतराव न अडखळता म्हणत होते. पन्नासाव्या नंबरला त्यांनी नेमका श्वास घेतला, शंभराव्याला पुन्हा.

“काका, अगदी टाइमकीपरसारखं बोलावताय,” योगिनी हसली.

त्यानंतरचे नंबर यशवंतराव हळू सांगू लागले. आपण ऑफिसात होतो, एवढंच त्यांनी मंडळींना आजवर सांगितलं होतं. कुठल्या, ते कोणी विचारलं नव्हतं.

बोर्ड भरल्यावर योगिनीने फोटो काढला. फोटोवर वेळ आहे तीन एक्कावन्न. ‘बाहेर’च्या बाजूला दोन खिळे रिकामे दिसतात, १६४ आणि २७. ‘आत’ची बाजू पूर्ण रिकामी आहे.

“एवढ्यासाठी अकरा वर्षं घालवलीस भावा?” खंडूंनी विचारलं. “एक बिल्ला न्हाई तर न्हाई. तसलाच दुसरा पाडून घ्यायचा.”

“तो वडिलांचा आहे,” धम्मरत्न म्हणाला.

हे त्याने याआधी सांगितलं नव्हतं. पत्र्याचा आवाज जरा उतरला होता, त्यामुळे ओरडावं लागलं नाही. वडील ज्योतीराम ओव्हाळ, मूळचे बीडकडचे, त्या कंपनीत तीन नंबरच्या हातोड्यावर, म्हणजे लोखंड ठोकायच्या यंत्रावर होते. १८ जानेवारी १९९४ ला, मंगळवारी, ते पहिल्या शिफ्टला गेले आणि घरी आले नाहीत. पोलिसांनी कंपनीचं रजिस्टर बघितलं. त्यात ज्योतीराम साडेतीनला बाहेर पडल्याची नोंद होती. म्हणजे माणूस गेटमधून धडधाकट निघाला आणि दुसरीकडे गेला. पोलीस तेच म्हणाले, चाळ तेच म्हणाली, पुढे नातेवाईकही. आई जाईबाईने ते कधी मानलं नाही; पण मेले असंही मानलं नाही. एकतीस वर्षांत तिने मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी करू दिला नव्हता.

“बिल्ला कोणाच्या घरी सापडला तर कळेल, शेवटचा हात कोणाचा लागला,” धम्मरत्न म्हणाला. “मला एवढंच बघायचंय. ते आम्हाला सोडून गेले का नाही.”

तेवढ्यात दाराजवळचा पत्रा उचकटला. खंडूंनी स्टूल ओढत नेलं आणि त्यावर उभे राहून पत्रा दाबून धरला. धम्मरत्न आणि योगिनी तार बांधायला गेले. तिघांचीही पाठ बोर्डाकडे होती. यशवंतराव खुर्चीत होते. या कामाला सहा-सात मिनिटं लागली, याबद्दल चौघांचं एकमत आहे.

योगिनी आधी वळली. तिने टॉर्च बोर्डाकडे मारला आणि दुसरा फोटो काढला. त्यावर चार वाजून पाच मिनिटं अशी वेळ आहे. ‘आत’च्या बाजूला, सर्वांत वरच्या ओळीत, सत्ताविसाव्या खिळ्यावर एक बिल्ला लटकलेला आहे.

“कोणी लावला?” धम्मरत्नने विचारलं.

तो खंडूंकडे वळला.

“खंडूकाका, चेष्टा असेल तर आत्ता सांगा.”

“आईची शपथ, मी स्टुलावरून हाललो न्हाई. तूच तर खाली हुतास.”

यशवंतरावांनी शर्टाच्या खिशातून तंबाखूची जुनी डबी काढली. झाकण नखाने उचकटलं. आत कापसाचा एक चपटा तुकडा होता आणि त्यावर गोल खळगा. बाकी काही नाही.

“सकाळी होता,” ते म्हणाले. “सांगवीहून निघताना मी बघितला होता.”

पुढचं त्यांनी कोणाकडे न बघता, क्रमाने सांगितलं.

टाइमकीपर तेच होते. त्या मंगळवारीही साडेतीनला गारा आल्या. कामगार डोक्यावर डबे धरून गेटमधून बसकडे पळाले. बिल्ला बदलायला कोणी थांबलं नाही. बस सुटल्या. पहिल्या शिफ्टचे एकशे बारा बिल्ले ‘आत’ राहिले होते. पावसापाण्यात असं पूर्वीही व्हायचं, आणि मग टाइमकीपर स्वतःच्या हाताने सगळा बोर्ड फिरवायचा. त्याला बोर्ड साफ करणं म्हणत. यशवंतरावांनी एकशे बारा बिल्ले उचलून ‘बाहेर’ लावले आणि रजिस्टरमध्ये सगळ्यांना साडेतीन लिहिलं.

“मी त्याला जाताना बघितलं नाही,” ते म्हणाले. “मी कोणालाच बघितलं नाही. मान खाली घालून बिल्ले लावत होतो.”

“पोलिसांना हे सांगितलं?”

“त्यांनी रजिस्टर मागितलं. मी रजिस्टर दिलं.”

“तुम्हाला विचारलं नाही?”

“विचारलं. नोंद तुमच्याच हातची का? मी हो म्हणालो. ती माझ्याच हातची होती ना.”

ज्योतीरामचा बिल्ला नंतर ‘बाहेर’च्या खिळ्यावर तसाच राहिला. रोज सकाळी यशवंतराव खिडकीत बसले की तो समोर दिसायचा. आठव्या दिवशी त्यांनी तो काढून डबीत टाकला. दोन वर्षांपूर्वी कोणाकडून तरी कळलं, की ओव्हाळांचा मुलगा त्या कंपनीचे बिल्ले जमवतो. तेव्हापासून ते दर महिन्याला डबी खिशात घालून निघोज्याला येत होते आणि डबी तशीच परत नेत होते.

“अजून काही आहे?” धम्मरत्नने विचारलं.

“तीन नंबरच्या हातोड्याखाली पाइपांसाठी भुयार होतं. पाणी झिरपायचं म्हणून ते बुजवायचं आधीच ठरलं होतं. शनिवारी काँक्रीट ओतलं. मंगळवारनंतरच्या शनिवारी. रजिस्टरप्रमाणे आत कोणी नव्हतं, म्हणून खाली उतरून कोणी बघितलं नाही. तेव्हा माझ्या काही मनात आलं नाही. नंतर आलं.”

योगिनीने त्यांना सरळच विचारलं, “काका, आत्ता बिल्ला तुम्ही लावलात का? लावला असला तरी चालेल. पण सांगा.”

“पोरी, मला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात. आणि मी लावला असता तर...” त्यांनी वर बघितलं. “माझा हात उजवीकडे, ‘बाहेर’लाच गेला असता. एकतीस वर्षं तेच तर झालंय.”

खंडूंनी स्टूल आणून ठेवलं. धम्मरत्न चढला, पण त्याने बिल्ला काढला नाही. नुसतं बोट लावलं. बिल्ला ओला होता, आणि त्याच्या शब्दांत सांगायचं तर गारेसारखा थंड. खालच्या कडेला कानशीने पाडलेली एक खाच होती. अंधारातही आपला बिल्ला चाचपून ओळखता यावा म्हणून काही कामगार असं करत.

“काढू का?” खंडूंनी विचारलं.

“नाही. एकदा दुसऱ्या कोणी तरी काढला, तेवढं बास झालं.”

चार चाळीसला गारा थांबल्या. चौघांनी मिळून दारापुढचा ढीग फावड्याने बाजूला केला. यशवंतरावांना गाडीपर्यंत धम्मरत्ननेच हात दिला.

शुक्रवारी खंडूंनी पत्र्यावर पाइप लावून अर्धा तास पाणी सोडलं. बोर्डाच्या वर पत्रा कुठेही गळत नाही. त्याच दिवशी यशवंतरावांनी तीन पानी जबाब स्वतःच्या हाताने लिहिला, आणि धम्मरत्नने तो अर्जासोबत पोलीस चौकीत दिला. त्याची पोच मिळाली आहे.

शनिवारी त्याने जाईबाईंना निघोज्याला आणलं. त्यांचं वय सत्तरच्या पुढे. त्यांना स्टुलावर चढवणं शक्य नव्हतं, म्हणून योगिनीने बिल्ल्याचा जवळून फोटो काढून मोठा करून दाखवला. त्यांनी खाचेवर बोट ठेवलं, मोबाइलच्या काचेवरच.

“कानस आमच्या घरची हाय,” त्या म्हणाल्या. “उंबऱ्यात बसून घासत हुते. मी म्हनले, कंपनीचा माल कशाला खराब करता?”

मग त्यांनी बोर्डाच्या डाव्या बाजूकडे बघितलं. तीनशे खिळ्यांवर एकच बिल्ला होता.

“म्हंजी कुटं गेले नव्हतेच.”

“नाही, आई.”

“लोकं काय काय बोलली रं.”

धम्मरत्नने विचारलं, पुण्यानुमोदनाची तारीख काढायची का. विहारातल्या भन्तेजींशी तो बोलला होता. पुढचा रविवार मोकळा होता.

“आदी त्यांना बाहेर येऊ दे,” जाईबाई म्हणाल्या.

कंपनीच्या जागेवर आज एक गोदाम आहे. जुन्या नकाशात तीन नंबरचा हातोडा दाखवलेली जागा माल उतरवायच्या फलाटाखाली येते. फलाट फोडायला जागामालकाची परवानगी लागेल. मालक परगावी आहे आणि पत्राला अद्याप उत्तर आलेलं नाही. यशवंतरावांनी दोनदा चौकीत फोन करून आपल्याला कधी बोलावणार, अशी चौकशी केली. अजून बोलावलेलं नाही.

निघोज्याच्या गोदामाला खंडूंनी आपल्या संग्रहातलं सर्वांत जुनं कुलूप लावलं असून किल्ली एकच आहे. गारपिटीला आज पंधरा दिवस झाले. दुपारी साडेतीनला त्यांनी दार उघडून बघितलं. सत्तावीस नंबरचा बिल्ला ‘आत’च्या खिळ्यावरच आहे. तो अजून ओला आहे.