मिओरीची कुपी

मी एक जुना फ्रीझर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात दूध-भाजी ठेवतात तसला नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असायची आणि त्या थंडीत माणसांचं रक्त ठेवलेलं असायचं. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका लहान संशोधन केंद्राच्या तळघरात मी एकोणीस वर्षं उभा होतो.

डॉक्टर कुरोइवाबाईंना सगळे आदराने ‘सेन्सेई’, म्हणजे गुरू, म्हणत. दमा काही घरांचा पिच्छा का सोडत नाही, हे त्या शोधत होत्या. परदेशी माणसांच्या रक्तात सापडलेल्या खुणा इथल्या माणसांना लागू पडतीलच असं नव्हतं. म्हणून त्या कोळ्यांच्या वस्त्यांतून घरोघर हिंडल्या. आजोबा, आई, नातवंडं, सगळ्यांचं रक्त त्यांनी माझ्या स्वाधीन केलं. पाहुणे आले की त्या माझ्या दारावर हात ठेवून म्हणत, “आमचं सगळं याच्यापाशी आहे.” तेव्हा मला फार अभिमान वाटे.

रक्ताच्या त्या कुप्यांत मिओरीची एक कुपी होती. मिओरी नऊ वर्षांची असताना दम्याच्या झटक्याने गेली. तिची आई हात्सुए शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. हात्सुएला स्वतःला लहानपणी धाप लागायची, पण सासरी तिने ते कधी सांगितलं नव्हतं. आता धाकट्या चिनात्सुचीही छाती वाजू लागली होती. एकदा हात्सुए सेन्सेईंना भेटायला खाली तळघरात आली.

“सेन्सेई, हे माझ्याकडूनच आलं का पोरींना? खरं सांगा. मी सोसेन.”

सेन्सेई म्हणाल्या, “एकट्या आईमुळे दमा होत नाही, हात्सुएसान. बऱ्याच लहान लहान गोष्टी जुळून येतात. मिओरीच्या रक्तातून काही कळेल असं वाटतंय. थोडं थांबा.”

हात्सुए थांबली. मी मात्र थकत चाललो होतो. माझ्या दाराचं रबर कडक झालं, फटीतून हवा शिरू लागली, आत बर्फाचे थर चढले. आतली थंडी कमी झाली की वाजणारी माझी धोक्याची घंटा वाजली. माझी देखभाल करणारा नेमोतो हसून म्हणाला, “आजोबांना पुन्हा खोकला आला.” त्याने बर्फ खरवडला. पुढच्या वेळी त्याने नुसतं बटण दाबून ती थांबवली. कार्यालयाने नवा फ्रीझर वसंतात घेऊ म्हणून कळवलं होतं. ऑगस्टमध्ये, ओबोनच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, मी तिसऱ्यांदा ओरडलो, तेव्हा त्याने घंटाच बंद केली आणि तो गावी गेला.

ओबोनला पितर घरी येतात. घरोघरी त्यांच्यासाठी कंदील लागले होते. हात्सुएच्या दारातही मिओरीसाठी एक लागला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मोटर थांबली.

बर्फ पाझरू लागला. मला हाक मारता येईना. पहारेकरी वाकुई रोज जिन्याच्या तोंडाशी येऊन कान देत असे आणि फोनवर कळवत असे, “खाली सगळं शांत आहे.” असे चार दिवस गेले.

सुट्टी संपल्यावर दार उघडलं, तेव्हा आलेल्या वासाने नेमोतो मागे सरला आणि तिथेच जमिनीवर बसला.

सेन्सेईंनी हात्सुएला बोलावून घेतलं. चिनात्सुही आईचं बोट धरून आली. सेन्सेई माफी मागायला कमरेत वाकल्या, त्या बराच वेळ वर उठल्याच नाहीत. बाकीच्या घरांतून पुन्हा रक्त घेता येणार होतं, मिओरीचं मात्र नाही.

“म्हणजे तिचं आता काहीच उरलं नाही?” हात्सुएने विचारलं.

“नाही. चूक आमची आहे.”

हात्सुए रडली नाही. तिने माझ्या रिकाम्या कप्प्यांकडे पाहिलं, मग चिनात्सुची बाही वर सरकवली.

“हिचं घ्या. माझंही घ्या. पण या वेळी दोन ठिकाणी ठेवा.”

आता मी मागच्या अंगणात भंगाराच्या गाडीची वाट पाहत उभा आहे. मित्रांनो, एखादं यंत्र किंवा माणूस तीच तक्रार पुन्हा पुन्हा करत असेल, तर त्याचं तोंड बंद करू नका. वाकून पाहा, काय बिघडलंय ते. हात्सुएने बाही सरकवली त्या दिवशी चिनात्सुच्या छातीतला तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि शोध पुन्हा पहिल्या कुपीपासून सुरू झाला होता.